पलंग करकरतो तो नेमका कुठे?

पलंगाविषयी एकदम पाच पत्रं आली. पहिल्याचं उत्तर लांबलं आहे. बाकीच्यांचं निम्मं उत्तर त्यातच येऊन गेलं, म्हणून ती आटोपती घेतली आहेत.

प्रश्न : मी नुकताच निवृत्त झालो. मागच्या पडवीत सुतारकामाचं टेबल टाकलंय. आतापर्यंत पाट, स्टूल, पुस्तकांची मांडणी एवढं करून झालं. आता मुलीसाठी साडेसहा बाय पाचाचा सागवानी पलंग करायचा विचार आहे. ती नागपुरात असते. आमच्याकडे आजोबांच्या वेळचा पलंग आहे. त्यात एक खिळा सापडणार नाही असं वडील सांगत, आणि तो अजून हूं की चूं करत नाही. दुकानातून आणलेला पलंग मात्र दोन पावसाळ्यांत करकरू लागला. फरक लाकडाचा की कारागिरीचा? आणि माझ्यासारख्या हौशी माणसाला न करकरणारा पलंग जमेल का?
— एक वाचक, चिपळूण

उत्तर : जमेल. पलंग खुर्चीपेक्षा सोपा. खुर्चीत धड काटकोन सापडत नाही, पलंगात जवळजवळ सगळेच काटकोन. अवघड जागा एकच आहे, आणि तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तरही तिथेच आहे.

लाकूड आपलं आपण करकरत नाही. एकमेकांवर दाबून बसलेले दोन पृष्ठभाग घसरतात तेव्हा आवाज येतो. हे घसरणंही सलग नसतं. घर्षण पृष्ठभागांना धरून ठेवतं, ताण वाढत जातो, मग पकड एकदम सुटते, पृष्ठभाग केसभर सरकतो आणि पुन्हा अडकतो. हे सेकंदात शेकडो वेळा झालं की आपल्याला करकर ऐकू येते. गजाने व्हायोलिनची तार वाजते ती याच तत्त्वावर, फक्त तिथे रात्री दोन वाजता कोणी वैतागत नाही. तेव्हा करकर बंद करायची तर सांधा हलता कामा नये, आणि जिथे हालचाल टळणारच नाही तिथे लाकडावर लाकूड घासता कामा नये.

हालचाल होते कुठे? बाजूची लांब फळी खुराला मिळते तिथे. माणूस कडेला बसला, कुशीवर वळला, की साडेसहा फुटांच्या फळीचा सगळा जोर तिच्या टोकाच्या पाच-सहा इंचांवर येतो. टेबलात असा सांधा आला तर सुतार कुसू (फळीच्या टोकाला कोरलेली, भोकात बसणारी जीभ) काढतो, फेव्हिकॉल लावतो आणि विषय संपवतो. पलंगात तसं करता येत नाही. सगळेच सांधे चिकटवले तर साडेपाच बाय सात फुटांचं धूड जिन्यात फिरवून तीन फुटी दारातून आत न्यायचं कसं? खोलीत जाताना सुटा आणि उभा राहिल्यावर पक्का, ही दुहेरी अपेक्षा आपण घरातल्या फार थोड्या सामानाकडून करतो.

स्वस्त पलंगात ही अपेक्षा स्क्रूवर भागवलेली असते. पातळ पत्र्याची कोनपट्टी, चार स्क्रू, आणि ते स्क्रू फळीच्या टोकात नाहीतर पार्टिकल बोर्डात. लाकडाचे तंतू फळीच्या लांबीत धावतात. स्क्रू तंतूंना आडवा शिरला की त्याचे आटे तंतूंत रुतून बसतात. टोकातून, तंतूंच्याच दिशेने शिरला तर आट्यांना धरायला फारसं काही उरत नाही, आणि थोड्या हिसक्यांनी भोक मोठं होतं. पार्टिकल बोर्ड म्हणजे चिकटवून दाबलेला लाकडाचा चुरा. तिथे भोक एकदा ढिलं झालं की काडेपेटीची काडी खुपसून फार दिवस निभत नाही. त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाला माझं उत्तर असं, की फरक लाकडाचा थोडा आणि सांध्याचा फार. साध्या पाइनचा पलंग गप्प राहतो आणि उंची सागाचा करकरतो, असं सहज घडू शकतं.

आजोबांच्या पलंगाखाली एकदा टॉर्च घेऊन शिरा. बहुधा दोनपैकी एक गोष्ट दिसेल. एक तर फळीचं कुसू खुरातून आरपार बाहेर आलेलं असेल आणि त्यात पाचर मारलेली असेल. पाचर ठोकली की सांधा घट्ट, काढली की पलंग सुटा. नाहीतर खुराच्या अंगावर लाकडी खुंटीचं गोल टोक दिसेल. त्या खुंटीत एक गंमत असते. खुरातलं भोक आणि कुसवातलं भोक मुद्दाम जुळवलेलं नसतं. कुसवातलं भोक खांद्याच्या बाजूला मिलिमीटर-दीड मिलिमीटर सरकवून पाडतात. निमुळती खुंटी ठोकत गेलं की ती दोन्ही भोकं एका रेषेत आणू पाहते आणि त्या ओढीने कुसू खुरात खेचलं जातं. अशा सांध्याला खिळ्याची गरज नसते आणि चिकटवलं नाही तरी चालतं. वाड्यांच्या जुन्या दारांच्या चौकटींत हेच तंत्र पाहायला मिळतं.

तुमच्यासाठी मी मधला मार्ग सुचवेन. उशाकडचे दोन उंच खूर, त्यांना जोडणारी आडवी फळी आणि वरची पाठ ही एक चौकट, कायमची चिकटवलेली. पायथ्याकडचे दोन खूर आणि आडवी फळी ही दुसरी, तीही चिकटवलेली. बाजूच्या दोन लांब फळ्या सुट्या, बोल्टने आवळायच्या. चार मोठे भाग आणि पट्ट्यांचा एक गठ्ठा, एवढंच सामान चिपळूणहून नागपूरला जाईल.

बोल्ट साधा, ८ मिलिमीटर जाडीचा आणि १२० मिलिमीटर लांबीचा, प्रत्येक सांध्याला दोन. तो खुराच्या बाहेरून आत शिरतो, खूर ओलांडून फळीच्या टोकात लांबीने जातो, आणि तिथे फळीत आडव्या बसवलेल्या गोल नटात अडकतो. हार्डवेअरच्या दुकानात बॅरल नट म्हणून मागा. स्क्रू टोकात धरत नाही, मग बोल्ट कसा धरतो? तो तंतूंना धरतच नाही. आडवा नट फळीच्या टोकापासून पावणेदोन इंच आत असतो, आणि बोल्ट ओढला की तेवढं सगळं लाकूड नट आणि खूर यांच्यामध्ये दाबलं जातं. लाकूड दाबाला खंबीर असतं. बोल्टच्या डोक्याखाली रुंद वायसर घालायला विसरू नका, नाहीतर डोकं हळूहळू खुरातच रुतत जातं.

बोल्टने फक्त ओढायचं, वजन पेलायचं नाही. त्यासाठी बाजूच्या फळीच्या टोकाला अर्धा इंच लांबीचं आखूड कुसू ठेवा आणि खुरात त्याच्या मापाची खाच घ्या. इथे फेव्हिकॉल लावायचा नाही. वजन ते आखूड कुसू घेईल आणि फळीचं पिरगळणंही तेच अडवेल. बोल्टचं भोक ८ ऐवजी ९ मिलिमीटरचं पाडा. ती मिलिमीटरभर मोकळीक कशाला, ते पुढे येईलच.

हौशी लोक जिथे अडकतात ती जागा आता सांगतो. एकाच खुरात दोन फळ्या काटकोनात येतात. आडव्या फळीचं चिकटवलेलं कुसू एका बाजूने, बाजूच्या फळीचे बोल्ट दुसऱ्या बाजूने. कागदावर आखलं नाही तर बोल्टचं भोक पाडताना गिरमिट नेमकं कुसवातून आरपार जातं. खूर ३ बाय ३ इंचांचा धरा. कुसू सव्वा इंचापेक्षा लांब ठेवू नका, आणि बाजूची फळी खुराच्या मधोमध न आणता थोडी बाहेरच्या अंगाला सरकवा. मग दोघांची गाठ पडत नाही. खूर कापण्याआधी त्याचं पूर्ण आकाराचं चित्र पुठ्ठ्यावर काढा, वरून एक आणि बाजूने एक. एवढी अर्ध्या तासाची मेहनत केली की पुढे महागाचा खूर वाया जात नाही.

मापं अशी. गादी ७८ बाय ६० इंच, म्हणून आतली मोकळी जागा ७९ बाय ६१. चारही फळ्या ६ इंच उंच आणि सव्वा इंच जाड, अर्थातच उभ्या. फळी आडवी टाकली तर वाकेल. उंची दुप्पट केली की तीच फळी आठपट ताठ होते, जाडी दुप्पट केली तर फक्त दुप्पट. जमिनीपासून फळीची खालची कड ८ इंचांवर ठेवा, केरसुणी आरामात फिरते. फळीच्या आतल्या अंगाला दीड बाय दीडची रीप फेव्हिकॉल आणि स्क्रूने बसवा, तिच्यावर पट्ट्या टेकतील. पट्ट्यांचा वरचा पृष्ठभाग जमिनीपासून १२ इंचांवर आला की ६ इंची गादीचा माथा १८ इंचांवर येतो. गुडघे कुरकुरणारं कोणी घरात असेल तर २० इंच बरे.

आता चिपळूण आणि नागपूर. पत्रात तुम्ही हे सहज लिहिलंय, पण खरी मेख इथेच आहे. लाकूड हवेतला ओलावा घेतं आणि सोडतं. कोकणातल्या पावसाळ्यात लाकडातला ओलावा सतरा-अठरा टक्क्यांवर जातो. नागपूरच्या मे महिन्यात तो दहाच्या बराच खाली उतरतो. (लेकीकडे कूलर असेल तर गणित आणखी मजेशीर: कूलर चालू असताना खोलीची हवा कोकणासारखी दमट आणि बंद केला की विदर्भासारखी कोरडी.) ओलावा कमी झाला की लाकूड आकसतं, पण लांबीत जवळजवळ नाहीच, रुंदीत आणि जाडीत मात्र नक्की. साग या बाबतीत गुणी, इतर बऱ्याच लाकडांपेक्षा कमी हलणारा. तरीही ६ इंच रुंदीची फळी एवढ्या फरकात एक ते सव्वादोन मिलिमीटरनी आकसते. सुतारी भाषेत सांगायचं तर पाव ते पाऊण सुताचा फरक.

म्हणूनच ती ९ मिलिमीटरची भोकं. फळी आकसली तरी दोन बोल्टांमध्ये ताण येऊन ती फाटणार नाही. उशाकडची चौकट चिकटवताना पाठीची रुंद फळी मात्र खुरांतल्या खाचेत नुसती सरकवा, चिकटवू नका. चिकटवली तर एखाद्या उन्हाळ्यात मधोमध तडकेल आणि दोष सागाला मिळेल. खूरही आकसणार. ३ इंची खूर जेमतेम मिलिमीटरभर बारीक झाला तरी आवळलेला बोल्ट ढिला पडायला तेवढं पुरतं. म्हणून बोल्टचं डोकं पुट्टीने बुजवू नका, वर सुटं लाकडी झाकण ठेवा. पाना शेवटपर्यंत आत जाता आला पाहिजे.

लाकूड जानेवारी-फेब्रुवारीत घ्या आणि काम उन्हाळ्यात करा. पावसाळ्यात चुकूनही नको. माल सावलीत, जमिनीपासून उचलून, दोन थरांमध्ये रिपा घालून रचा. तो वाळला की नाही ते कळायला यंत्र लागत नाही. रास रचताना त्यातलाच वीतभर तुकडा कापा आणि दर आठवड्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा. वजन उतरायचं थांबलं की लाकूड तुमच्या हवेला स्थिरावलं. नागपूरला ते आणखी थोडं उतरेल, त्याची सोय वर केलीच आहे.

वखारीत माल घनफुटांवर मिळतो. वरच्या मापाने निव्वळ लाकूड ४ घनफुटांच्या आतबाहेर भरतं. कापण्यात, रंधण्यात आणि गाठी टाळण्यात पाव हिस्सा जातो, म्हणून ५ घनफूट धरा. यातलं सव्वा घनफुटाच्या आसपास गादीखालच्या पट्ट्या आणि रिपा यांनाच लागतं. त्या सागाच्या असायची काही गरज नाही, पाइन किंवा रबरवुड चालेल. सागात ‘सीपी’ नावाने विकला जातो तो चंद्रपूर-गडचिरोलीकडचा माल. अयोध्येच्या राममंदिरासाठी २०२३ मध्ये सागवान गेलं ते तिकडचंच. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेतला लागवडीचा सागही वखारीत मिळतो. तो स्वस्त असतो, पण त्यात पांढरा भाग जास्त निघतो. वाळवी सागाला खात नाही, हे गाभ्याबद्दल खरं आहे, पांढऱ्या भागाबद्दल नाही. फळीच्या कडेला पांढरा पट्टा दिसला तर भाव करताना बोट तिथे ठेवा.

सांध्यांचं काम हाताने करणार असाल तर अर्धा इंची पटाशी घ्या. भोकाची रुंदी फुटपट्टीने मोजू नका. पटाशीच लाकडावर टेकवून दोन खुणा करा आणि कुसवाची जाडी त्यावरून आखा. सव्वा इंची फळीत अर्ध्या इंचाचं कुसू, दोन्ही बाजूंना तीन-तीन सुतांचा खांदा. भोक खणताना पटाशीची उतरती बाजू स्वतःकडे ठेवा, मधून सुरुवात करा आणि दोन्ही टोकांचं शेवटचं सूतभर लाकूड अगदी शेवटी उभं छाटा. कुसू हाताच्या दाबाने आत जावं. हातोडी मारावी लागली तर जाड, आपोआप निसटलं तर पातळ. पातळ झालं तर त्याला रंध्याचा कागदासारखा पापुद्रा चिकटवून पुन्हा तासा, काही बिघडत नाही. साग तेलकट असतो. फेव्हिकॉल लावायच्या आधी सांधा ताजा तासलेला असावा, किंवा थिनरच्या फडक्याने पुसून घ्यावा. क्लॅम्प लावल्यावर चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा. गुण्या एका कोपऱ्याचं सांगतो, कर्ण चारही कोपऱ्यांचं सांगतात.

सागाची धूळ नाकाला आणि कातडीला झोंबते, पटाशी-करवतीची धारही तो लवकर खातो. तेव्हा मास्क लावा आणि धारेचा दगड जवळ ठेवा. बोल्ट जोडणी झाल्यावर एकदा, नागपूरला उभा केल्यावर एकदा आणि पहिल्या उन्हाळ्यानंतर एकदा आवळायचे. पाना लेकीकडेच ठेवून या.

प्रश्न : आमच्या गावच्या बाजेला खिळा नाही, बोल्ट नाही, फेव्हिकॉल तर नाहीच. चार खूर, चार दांडे आणि सुंभ. तरी तिच्यावर तिघे बसतात. ती मोडत कशी नाही?
— एक विद्यार्थिनी, सोलापूर जिल्हा

उत्तर : सुंभामुळे. बाजेचे दांडे खुरांच्या भोकांत नुसते बसवलेले असतात. विणकाम झालं की दोर दोन्ही दिशांनी दांड्यांना आत ओढतो, म्हणजे प्रत्येक दांडा आपापल्या खुरात दाबला जातो. तुम्ही बसता तेव्हा वीण खाली वाकते, ताण आणखी वाढतो आणि सांधे आणखी घट्ट होतात. वरच्या पलंगाचं बरोबर उलटं. पलंगावर जोर पडला की सांधा उघडू पाहतो, बाजेवर जोर पडला की मिटतो. ही युक्ती ज्याने पहिल्यांदा काढली त्याला माझा नमस्कार.

सुंभ वापरून सैल पडतो, त्याचीही सोय केलेली असते. पायथ्याशी हात-दीड हात जागा न विणता सोडून तिथे दोर आडवातिडवा ओढलेला असतो. बाज झोळ खाऊ लागली की तेवढाच ओढून बांधायचा, आख्खी वीण उसवायची गरज नाही. नवारीच्या खाटेतही तत्त्व तेच. चौदाव्या शतकात हिंदुस्थानात आलेल्या इब्न बतूतानेही या खाटेचं वर्णन केलंय: शंकूसारखे चार खूर, चार आडवे दांडे, वर रेशमाची किंवा सुताची वीण, आणि एकटा माणूस उचलून नेईल इतकी हलकी. प्रवाशाने आपली खाट बरोबर घेऊन फिरावं असंही तो सांगतो.

घरी पहिलंच लाकूडकाम करायचं असेल तर पलंगाऐवजी बाज करून पाहा. बाभळीचे खूर मिळाले तर उत्तम. विणायला मात्र जाणतं माणूस शोधा. सुंभाने हात सोलवटतात आणि ताण सगळीकडे सारखा आला नाही तर बाज एका कोपऱ्यावर उचलते.

प्रश्न : गादीखाली सलग प्लायवूड टाकावं की पट्ट्या? आमचा सुतार प्लायच चांगला म्हणतो.
— एक वाचक, ठाणे

उत्तर : सुताराचं काम प्लायने लवकर होतं, आणि खाली सामानाची पेटी करायची असेल तर प्लायशिवाय गत्यंतर नाही. मुंबई-ठाण्याच्या घरात ती पेटी म्हणजे एक खोलीच असते, हेही मान्य. पण नुसत्या पलंगाला पट्ट्या बऱ्या. आपण रात्रभर घाम सोडतो. तो गादीतून खाली झिरपतो आणि सलग प्लायवर अडकतो. पावसाळ्यात अशी गादी उचलून पाहिली की खालच्या बाजूला काळे ठिपके दिसतात. ती बुरशी. प्लाय टाकायचंच असेल तर त्याला वीतवीत अंतरावर इंचभर व्यासाची भोकं पाडा आणि पावसाळ्यात आठवड्यातून एकदा गादी उभी करा.

पट्ट्या ३ इंच रुंद, पाऊण इंच जाड. ७८ इंच लांबीत १४ बसवल्या की मधली फट पावणेतीन इंचांची येते. फोमच्या किंवा काथ्याच्या गादीला एवढी चालते. घरी पिंजून घेतलेल्या कापसाच्या गादीला चालत नाही. ती फटींत उतरते आणि पाठीला एकेक पट्टी मोजता येते. तिच्यासाठी फट इंचभरच ठेवा, पट्ट्या वाढतील.

पाच फुटी पलंगाला मधोमध लांबीने एक ३ बाय २ चा दांडा हवाच, आणि त्याला जमिनीला टेकणारे दोन पाय. पट्टीचा टप्पा निम्मा झाला की ती आठपट कमी वाकते. मधला दांडा वाचवून पट्ट्या जाड करणारे लोक जास्त लाकूड घालून कमी मजबुती घेतात. आणि पट्टी रिपेवर टेकते तिथे जुन्या सतरंजीची किंवा फेल्टची पट्टी चिकटवा, निदान मेणबत्ती तरी घासा. सांधे घट्ट असूनही करकर येत असेल तर दहात नऊ वेळा ती इथून येते.

प्रश्न : शेताच्या बांधावर आमचं स्वतःचं सागाचं झाड आहे. ते पाडून पलंग केला तर स्वस्त पडेल ना?
— एक शेतकरी वाचक, सातारा जिल्हा

उत्तर : झाड तुमचं असलं तरी साग परवानगीशिवाय पाडता येत नाही. महाराष्ट्रात १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा त्याला लागू आहे, आणि पाडल्यावर माल हलवायला वाहतुकीचा परवानाही लागतो. त्यातून पाडलेलं लाकूड ओलं असणार, चिरून वाळवण्यात बराच काळ जाणार. झाड तरुण असेल तर बुंध्यात गाभा थोडा आणि पांढरा भागच फार निघेल. पलंगापुरतं हे सगळं परवडत नाही. झाड उभं राहू द्या.

स्वस्त आणि चांगलं हवं असेल तर पाडलेल्या वाड्यांचं लाकूड पाहा. जुन्या तुळया, वासे आणि दारांच्या चौकटींत दशकानुदशकं वाळलेला साग असतो. त्याचं आकसणं-फुगणं काहीसं कमी झालेलं असतं. वरून काळाकुट्ट, धुराने माखलेला दिसतो, पण रंधा एकदा फिरला की आत सोनेरी निघतो. घेताना टोकं तपासा. भिंतीत गाडलेला भाग बहुधा ओलीने गेलेला असतो, तेवढा कापून टाकायच्या हिशेबाने भाव करा. आणि करवतीला लावण्याआधी लोहचुंबक फिरवा. तुटलेले खिळे आत राहिलेले असतात, ते पात्याचे दात घेतात आणि वेगाने फिरणाऱ्या यंत्रावर माणसालाही इजा करतात.

प्रश्न : पलंगाला घरच्या घरी तेल लावावं की पॉलिश?
— एक वाचिका, पुणे

उत्तर : स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेचं पॉलिश सुंदर दिसतं, पण पाण्याच्या पेल्याचा पांढरा डाग त्यावर लगेच पडतो. मेलामाइन आणि पीयू टिकाऊ, मात्र ते फवारायला धूळविरहित जागा आणि वायुवीजन हवं. फ्लॅटच्या गॅलरीत तो उद्योग नको. हौशी माणसासाठी अळशीचं तेल सगळ्यांत सोपं: पातळ थर चोळायचा, पंधरा-वीस मिनिटांनी जास्तीचं सगळं पुसून घ्यायचं, पूर्ण वाळू द्यायचं, मग पुढचा थर. तीन थर पुरतात. ओरखडा पडला तर तेवढ्याच जागेवर पुन्हा तेल लावता येतं, ही सोय पीयूत नाही. पावसाळी हवेत थर वाळायला फार दिवस लागतात, म्हणून हेही काम उन्हाळ्यातलंच.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे घ्या. अळशीचं तेल वाळताना हवेतला ऑक्सिजन घेतं आणि उष्णता सोडतं. तेलाने भिजलेल्या चिंध्या चुरगळून कोपऱ्यात टाकल्या तर ती उष्णता आत कोंडते, आणि काडी न लावताही त्या पेट घेतात. काम संपल्यावर चिंध्या दोरीवर एकेक पसरून कडक होईपर्यंत वाळवा, किंवा पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा. कचऱ्याच्या डब्यात तशाच टाकू नका.